माळ्यावरचा लढाऊ टोप : काय करावे, काय टाळावे

कोल्हापूर जिल्ह्यात मुरगूडच्या एखाद्या जुन्या वाड्यात माळा उतरवताना लढाऊ टोप हाती लागला, तर नवल वाटायला नको. एका अंगाला कागलकर घाटग्यांची जहागीर, दुसऱ्या अंगाला घोरपड्यांची सेनापती कापशी, पलीकडे भुदरगड आणि सामानगड. शिवाय दोन्ही महायुद्धांत या भागातली पोरे मराठा पलटणीत भरती झाली. त्यामुळे इथे टोप दोन प्रकारचे निघतात. एक संस्थानी काळातला पोलादी टोप: वर तुरा खोचायची नळी, नाकावर येणारी सरकपट्टी, मानेवर कड्यांची जाळी. दुसरा प्रकार म्हणजे महायुद्धांतले, उलट्या थाळीच्या आकाराचे इंग्रजी हेल्मेट. क्वचित कुठे साहेबी सोला टोपीही निघते.

सापडल्यावर पहिला विचार येतो तो घासूनपुसून लख्ख करण्याचा. तिथेच सगळे बिघडते. टोपाचा इतिहास त्याच्या वरच्या कातडीत असतो आणि घरच्यांच्या तोंडी माहितीत असतो. या दोन गोष्टी एकदा गेल्या की कोणताही कारागीर त्या परत आणू शकत नाही. म्हणून खालच्या यादीत ‘करा’पेक्षा ‘करू नका’ जास्त आहे.

हाती आल्या दिवशी

करा: पुसण्याआधी फोटो काढा. चारी बाजूंनी, वरून, आतून. शेजारी फूटपट्टी ठेवून. किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. कुठे सापडला, कशात गुंडाळला होता, सोबत काय होते, तेही लिहा. ज्या फडक्यात होता ते फडकेसुद्धा टाकू नका.

करा: घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलते करा आणि मोबाइलवर आवाज टिपून घ्या. आजी सन चुकीचा सांगत असेल, पलटणीचे नाव वेडेवाकडे घेत असेल, तरी मधे दुरुस्ती करू नका. ‘बसऱ्याला गेला होता’ एवढ्या एका वाक्यावरून पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या आघाडीपर्यंत माग काढता येतो. 103 आणि 110 क्रमांकाच्या मराठा पलटणी तिथे कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या आणि 29 एप्रिल 1916 रोजी ते ठाणे पडले. दुसऱ्या युद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तुकड्या इटलीत लढल्या; नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांना तिथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, पदके ही टोपाच्या जोडीनेच राहू द्या. पहिल्या युद्धातल्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. ती कड भिंगातून वाचा.

करा: खोली अंधारी करून बॅटरीचा उजेड तिरका टाका. समोरून टाकलेल्या उजेडात सपाट दिसणारा पत्रा तिरक्या उजेडात बोलू लागतो. इंग्रजी हेल्मेटच्या काठाच्या आतल्या अंगाला, पट्ट्याच्या कडीजवळ, कारखान्याची अक्षरे आणि आकडे ठोकलेले सापडतात. आतल्या चामड्यावर किंवा पट्ट्यावर कधी शिपायाने खिळ्याने ओरखडलेला स्वतःचा नंबर असतो. जुन्या पोलादी टोपाच्या काठावर छिन्नीच्या टोकाने टिंबाटिंबांनी उठवलेली देवनागरी अक्षरे असू शकतात. असा सर्वांत प्रसिद्ध दाखला बिकानेरचा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस आदोनीच्या किल्ल्यातून महाराजा अनूपसिंहांच्या हाती आलेल्या शस्त्रांवर अशाच टिंबांनी नोंद केलेली आहे आणि आज जगभरच्या संग्रहालयांत विखुरलेली ती चिलखते त्या टिंबांवरूनच ओळखली जातात. ही टिंबे केसाइतकी उथळ असतात. पॉलिश पेपरचे चार हात फिरले की संपली.

करा: लोहचुंबक लावून बघा. 1915 साली जॉन ब्रोडी याने पेटंट घेतलेले इंग्रजी हेल्मेट लवकरच मँगनीजच्या पोलादातून घडवले जाऊ लागले आणि 1938 पासूनचे ‘मार्क दोन’ हे सुधारित हेल्मेटही त्याच पोलादाचे. या पोलादाला चुंबक धरत नाही. पत्रा चुंबकाला घट्ट चिकटला, तर ते साध्या पोलादाचे, म्हणजे बहुधा नागरी संरक्षण दलासाठी केलेले किंवा नंतरची नक्कल. मात्र काठाची पट्टी साध्या पोलादाची असू शकते, म्हणून चुंबक माथ्यावर लावा.

टाळा: डोक्यावर घालून फोटो काढणे. हौस समजते, पण दोन्ही महायुद्धांतल्या काही इंग्रजी हेल्मेटच्या आतल्या गादीत ॲस्बेस्टॉस असते. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले की तिथेच राहतात. आतली गादी झटकू नका, ब्रश मारू नका, पोरांच्या हातात देऊ नका. गादी फाटलेली दिसली तर हेल्मेट पिशवीत बंद करून ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

टाळा: सोबत सापडलेला लोखंडी गोळा, नळकांडे किंवा हातबॉम्बसारखी वस्तू उचलणे. शंभर वर्षांनंतरही दारू जिवंत असू शकते. माणसे बाजूला काढा आणि 112 वर फोन करा.

साफसफाई : बहुतेक ‘नको’च

टाळा: चिंचेचा कोळ, लिंबू, आमसूल, राख, विटेची भुकटी, तांब्यापितळेची पावडर, भांडी घासायची तारेची घासणी, पॉलिश पेपर. देवघरातल्या समईला हे चालते. टोपाला चालत नाही. आंबट पदार्थ फटींत, रिव्हेटखाली, जाळीच्या कड्यांत मुरतो आणि पावसाळ्यात आतून गंज काढतो.

सर्वांत मोठे नुकसान होते ते कोफ्तगरीच्या टोपांचे. कोफ्तगरी म्हणजे पोलादावर सुईसारख्या हत्याराने आडव्यातिडव्या बारीक रेघा मारून, त्या खरबरीत पृष्ठभागावर सोन्याची तार ठोकून बसवलेली नक्षी. सोने खोलवर नसते. रेघांच्या दातांनी धरलेले असते, एवढेच. सोनाराकडचे भिंग डोळ्याला लावून अशा टोपाच्या काळपट भागावर नजर ठेवा. जिथे वेल संपल्यासारखी वाटते, तिथेही त्या रेघा पुढे पानाच्या आकारात गेलेल्या दिसतील. सोने झिजून गेले तरी नक्षी कुठे होती हे त्या रेघा सांगतात. घासकाम केल्यावर उरलेले सोनेही जाते आणि रेघाही जातात. मागे राहतो तो स्टीलच्या पातेल्यासारखा चकचकीत टोप, ज्याचा काळ कुणालाच सांगता येत नाही.

टाळा: बफिंग. हुपरीसारखे चांदीचे गाव याच जिल्ह्यात आहे आणि तिथल्या कारागिरांच्या हाताला तोड नाही. पण त्यांचे बफ नव्या दागिन्यासाठी आहे. तसेच कोल्हापूरच्या उद्यमनगरात सँडब्लास्टिंग आणि पावडर कोटिंग झटपट होते. यंत्राच्या सुट्या भागाला ते योग्य, टोपाला नाही.

टाळा: गंज काळा करणारी रसायने, रेड ऑक्साइड, ऑइल पेंट, सोनेरी स्प्रे. महायुद्धातल्या हेल्मेटवर पुन्हा हिरवा रंग मारणे तर मुळीच नको. मूळ खाकी रंगाच्या थरात कधी रेती मिसळलेली असते, कधी तुकडीची खूण असते, कधी मालकाचे नाव असते. शिवाय जुन्या रंगात शिसे असू शकते; तो रंग खरवडून त्याची धूळ नाकात घेऊ नका.

टाळा: खोबरेल, गोडेतेल, तूप. ही तेले कालांतराने चिकट होतात, धूळ धरतात आणि हवेतला ओलावा त्या धुळीत मुरतो.

मग करायचे काय? आधी गंज ओळखा. काळपट तपकिरी, घट्ट बसलेला, बोटाला न लागणारा गंज शांत असतो. त्याला हात लावू नका, तो टोपाच्या वयाचा भाग आहे. नारिंगी, भुसभुशीत, बोटाला लागणारा किंवा पापुद्रे सुटणारा गंज जिवंत असतो. तेवढाच काढायचा.

करा: नायट्रिलचे हातमोजे घाला. घामातले मीठ लोखंडाचे वैरी आहे. उघड्या हाताचे ठसे काही महिन्यांत गंजाच्या रूपाने उमटतात. मऊ ब्रशने धूळ काढा. जिवंत गंजावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टाकून थोडा वेळ थांबा आणि बांबूच्या टोकदार काडीने हळूहळू उचला. बांबू पोलादापेक्षा मऊ असतो, म्हणून लोखंडावर ओरखडा उठत नाही. काडीने निघाला नाही तर राहू द्या. नंतर सुती फडक्यावर थोडे ॲसिटोन घेऊन तेल टिपून काढा. खिडक्या उघड्या ठेवून आणि घरातली आग विझवून. ॲसिटोन रंगाला, वार्निशला, चामड्याला लागता कामा नये. रंगवलेल्या हेल्मेटवर ते वापरूच नका.

करा: शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेले रेनेसान्स वॅक्स याच जातीचे. ऑनलाइन मिळते, महाग असते, पण नखाएवढे मेण एका टोपाला पुरते. आधी नजरेआड असलेल्या जागी लावून पाहा. या मेणाचा मोठा गुण असा की पुढे कुणाला काढायचे झाले तर ते काढता येते. टोपाला जे काही लावाल, ते परत काढता आले पाहिजे. रंग, गोंद, एम-सील, वेल्डिंग यांना हा नियम लावून बघा, म्हणजे ती का टाळायची ते कळेल.

कड्यांची जाळी: तिच्यावर जोर लावू नका. पूर्वी चिलखते रेतीच्या पिंपात गडगडवून साफ करत. ते शिलेदारांच्या रोजच्या वापरातल्या चिलखतांसाठी होते. आज एकेक कडी कागदाएवढी पातळ उरलेली असते. ब्रशने धूळ काढा, तुटलेली कडी पाकिटात घालून तिची जागा लिहा, नवी कडी घालू नका.

आतले अस्तर, कापसाची गादी, चामड्याची पट्टी: उपटून काढू नका. मळके असले तरी तिथे माणसाचे डोके टेकलेले आहे. मळ, घाम, टाक्यांची धाटणी हीच त्या वस्तूची साक्ष. वाळलेल्या चामड्याला तेल चोपडून मऊ करायचा मोह आवरा. ते काळे पडते आणि पुढे चिरते. हनुवटीचा पट्टा नवा बसवायचाच असेल, तर जुना पाकिटात जपा आणि नवा कधी बसवला ते आत चिठ्ठीवर लिहा.

खंडेनवमी आणि मिरवणूक

घरातला टोप खंडेनवमीला पाटावर येणार, आणि यावाच. पूजा हाच त्या टोपाच्या आयुष्याचा पुढचा भाग आहे. फक्त हळदकुंकू ओल्या बोटाने धातूवर लावू नका. खाली अंथरलेल्या वस्त्रावर वाहा. लिंबू, दही, पंचामृत, भिजलेली फुले टोपाला टेकवू नका. झेंडूची माळ पाटाभोवती घाला. पूजा उरकली की संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसून जागेवर ठेवा. दसऱ्यापर्यंत पाटावर तसाच नको.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत, मर्दानी खेळांत, शाळेच्या नाटकात अस्सल टोप देऊ नका. कुणी कितीही जवळचा असो. त्यासाठी नवे टोप मिळतात, ते घ्या.

पावसाळा आणि पूर

जून ते सप्टेंबर हा या भागात लोखंडाचा शत्रू. प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीत टोप बांधून ठेवला की आतला दमटपणा आतच कोंडतो. वर्तमानपत्रही नको, त्यात आम्ल असते आणि ओल धरते. धुतलेला, खळ काढलेला कोरा मांजरपाट वापरा. टोप काठावर किंवा जाळीवर उभा करू नका, खिळ्याला पट्ट्याने टांगू नका. मांजरपाटाची जाड चुंबळ करून तिच्यावर ठेवा, म्हणजे वजन सगळीकडे सारखे बसते आणि नाकपट्टी वाकत नाही.

झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, एवढी सोय पुरेशी आहे. लोखंडासाठी आर्द्रता 40 टक्क्यांच्या आसपास असावी. आत चामडे असेल तर त्याहून फार खाली नेऊ नका, ते तडकते. सिलिका जेल रंग बदलणारे घ्या, पण निळे नको, त्यात कोबाल्टचे क्षार असतात, नारिंगी घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये तापवून परत वापरता येते. डबा पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर ठेवू नका.

2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये या जिल्ह्याने पूर पाहिला. वेदगंगेचे पाणी घरात येण्याची भीती असेल तर टोपाचा डबा कागदपत्रांबरोबर वरच्या मजल्यावर आधीच न्या. भिजलाच, तर गाळ वाळू देऊ नका; स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने गाळ सोडवा, टिपून घ्या, पंख्याखाली सुकवा. उन्हात नाही, चुलीजवळ नाही. अस्तर सावलीत सावकाश वाळू द्या.

विकत घेताना

‘हा टोप नेसरीच्या खिंडीतल्या शिवकालीन लढाईतला’, ‘हा अमुक सरदारांचा’ असे विकणारा सांगू लागला की पिशवी बंद करा. मराठ्यांच्या चपळ घोडदळात बहुतेकांच्या डोक्यावर पागोटे-मुंडासेच असे. पोलादी टोप ही मोजक्यांची चीज होती. त्यामुळे शिवकालीन टोप बाजारात सहज मिळत नाही. राजमुद्रा कोरलेला टोप तर सरळ परत करा. मुद्रा कागदपत्रांवर उमटवायची असते, टोपावर नव्हे.

वेल्डिंगची रेघ, यंत्रावर कातलेले स्क्रू, ग्राइंडरच्या गोल खुणा, सगळीकडे सारखाच नारिंगी गंज: या चार गोष्टींकडे बघा. आजकाल देहरादूनकडून आणि इतरही ठिकाणांहून निर्यातीसाठी हुबेहूब टोप तयार होतात. ते सजावट म्हणून विकले जातात तोवर काही वाईट नाही, जुने म्हणून विकले की फसवणूक होते. एक सावधगिरी मात्र: जाळीच्या कड्या रिव्हेट न मारता नुसत्या टोकाला टोक जुळवलेल्या असल्या, म्हणजे वस्तू खोटीच, असे नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात दरबारी शोभेसाठी असे काम सर्रास होई.

कोल्हापूर भागात आणखी एक जात सापडते: सिनेमाचे टोप. भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपती शिवाजी’ (1952), ‘मराठा तितुका मेळवावा’ (1964) अशा चित्रपटांचे हे गाव. पत्र्याचे, पुठ्ठ्याचे, सोनेरी रंगाचे टोप पडद्यासाठी होत. तसा टोप मिळाला तर हिरमुसू नका आणि फेकूही नका. मराठी सिनेमाची ती वस्तू आहे. तिच्यावर त्या नावाची चिठ्ठी लावा.

महायुद्धाच्या हेल्मेटबद्दल एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. हेल्मेट सरकारी मालकीचे असे आणि नोकरीतून सुटताना जमा करावे लागे. युद्धानंतर डिस्पोजलमध्ये लष्करी सामान ढिगांनी विकले गेले. त्यामुळे घरातले हेल्मेट आजोबांनीच घातलेले असेल, असे गृहीत धरू नका. नोंद करताना ‘घरी असे सांगतात’ आणि ‘कागदात असे आहे’ हे दोन रकाने वेगळे ठेवा. आजोबांचे शौर्य त्या पत्र्यावर अवलंबून नाही.

कायद्याचे

करा: 1972 चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम माहीत करून घ्या. शंभर वर्षे झालेली वस्तू पुरावशेष ठरते. म्हणजे 1916 चे ब्रोडी हेल्मेटही आता त्यात बसते. परवान्याशिवाय पुरावशेषांचा व्यापार करता येत नाही आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या पुतण्याने ‘काका, आजोबांचा टोप मी घेऊन जातो’ म्हटले तर प्रेमाने नाही म्हणा. वस्तू शंभर वर्षांहून कमी वयाची असेल, तर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला आधी घ्यावा लागतो. आपल्या टोपाला नोंदणी लागू होते का, हे राज्याच्या पुरातत्त्व खात्याला लेखी विचारा.

टाळा: नांगरताना, पाया खणताना, तळ्याचा गाळ काढताना सापडलेला टोप गुपचूप घरी नेणे. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. कागलच्या तहसील कचेरीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गडांवर मेटल डिटेक्टर घेऊन फिरू नका. तिथला टोप मातीत कोणत्या थरात होता, शेजारी काय होते, हे उत्खनन करणाऱ्यालाच वाचता येते; उपटला की ते पान फाटते.

घराबाहेर देताना

पुढच्या पिढीला आवड नसेल तर भंगारात घालण्याआधी संग्रहालयाशी बोला. कोल्हापुरात टाऊन हॉलचे वस्तुसंग्रहालय आहे, न्यू पॅलेसमध्ये छत्रपती शहाजी संग्रहालय आहे. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय. महायुद्धातली वस्तू असेल तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्राला पत्र लिहा. अवघड दुरुस्ती असेल, सोने सुटत असेल, पापुद्रे पडत असतील, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंचे संवर्धन करणारा स्वतंत्र विभाग आहे. घरी प्रयोग करण्यापेक्षा तिथे फोटो पाठवून विचारलेले बरे.

देताना तोंडी देऊ नका. देणगी की ठेव, हे पत्रात स्पष्ट लिहा. फोटो, वजन, आजीच्या आवाजाची फाइल, पदकांची यादी सोबत जोडा आणि पोचपावतीवर वस्तूचा संग्रहालयातला नोंदक्रमांक मागून घ्या.